खाडीकाठचा बुरूज

कणकवलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही बाई जरा स्वस्थ बसेल. मी बसले नाही. आपल्या जिल्ह्यात जेवढे किल्ले, कोट, गढ्या आणि एकांडे बुरूज आहेत तेवढे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, मापायचे आणि वहीत काढायचे, असं मी ठरवून टाकलं. स्कूटर, मापाची टेप, पेन्सिली, पाण्याची बाटली आणि घावन्यांचा डबा, एवढाच माझा संसार. नवऱ्याने सुरुवातीला दोनदा सोबत केली. तिसऱ्यांदा करवंदीच्या जाळीत शर्ट फाटल्यावर त्याने कोपरापासून हात जोडले.

मोठे किल्ले सगळ्यांच्या ओळखीचे. मालवणच्या समुद्रातला किल्ला काढून दाखवला की लोक ‘छान’ म्हणतात आणि चहाकडे वळतात. मला गंमत वाटायची ती बारक्यांची. रामगडावर तोफा तोंडं खाली करून जमिनीत पुरल्या आहेत. त्या तशा कुणी पुरल्या आणि पुरताना काय म्हणाला असेल, याचा विचार करत मी तिथे अख्खी सकाळ घालवली. भरतगड आणि भगवंतगड खाडीच्या दोन अंगांना बसून एकमेकांकडे बघतात, बोलणं टाकलेल्या दोन जावांसारखे. रेडीच्या यशवंतगडावर तर झाडांनी भिंतींना असं कवटाळलंय की कोण कुणाला धरून उभं आहे ते कळत नाही. आणि जिथे जाल तिथे एक भुयार ठरलेलं. ‘हयसून थेट समुद्रात जाता’ असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. स्वतः आत गेलेला एकही भेटत नाही. ही सगळी भुयारं खरी असती तर आमचा जिल्हा केव्हाच चाळण होऊन खाली बसला असता.

मला चिऱ्यांपेक्षा माणसांचं कुतूहल जास्त. पहारेकरी पावसात कुठे बसायचे? चूल कुठे मांडायचे? पोट बिघडलं तर काय करायचे? मी असले प्रश्न वाटेत भेटेल त्याला विचारते. गुराख्याला विचारते, देवळातल्या गुरवाला विचारते, काजूच्या बागेत झाडलोट करणाऱ्या बाईला विचारते. आपण सगळ्यांना विचारतो, असा माझा स्वतःबद्दल फार चांगला समज होता.

वहीत एकच बुरूज काढायचा राहिला होता, तो माझ्या माहेरचा. घरचा म्हणून मागे पडला.

माझं माहेर कालावलच्या खाडीच्या वरच्या अंगाला आहे. खारं पाणी तिथे संपत येतं आणि गडनदीचं गोडं पाणी लागतं. घरामागच्या चढावर जांभ्या दगडाचा एक गोल बुरूज आहे, दीड पुरुष उंचीचा. वर घाणेरी आणि वेली माजलेल्या. आम्ही ‘बुरजावरचे’. आडनाव काहीही असो, गावात आमची ओळख हीच. आमचे पूर्वज या बुरजावर पहारा देत होते, खाडीतून शत्रूची गलबतं आली की जाळ करून इशारा देत होते, असं बाबा सांगायचे आणि त्यांचे बाबाही. मी लहानपणी शाळेत कुणाशी भांडण झालं की हे ऐकवायचे.

या बुरजाचा वर्षातून एक दिवस असतो. कार्तिकात भात घरात आलं की एका सोमवारी वाडीतली माणसं तिथे जमतात. बाबा बुरजाच्या वरच्या पायठणीवर, म्हणजे पायरीवर, उभे राहून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने राखणदाराला, त्या जागेच्या देवाला, विनंती करतात. मग नारळ फोडतात आणि विडा ठेवतात. त्या विड्याची एक रीत आहे. पान, सुपारी, कात सगळं असतं, पण चुना लावायचा नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. आणि खाडीच्या पलीकडच्या काठावरचे एक काका त्या दिवशी ओंजळभर खुबे घेऊन येतात. खुबे म्हणजे खाडीतले शिंपले. ते वर येत नाहीत. खाली, बुरजाच्या पायाशी एक भोक आहे, ज्याला आम्ही तोफेचं तोंड म्हणतो, तिथे उभे राहतात, खुबे ठेवतात आणि प्रसाद घेऊन जातात. त्यांच्या आधी त्यांचे वडील यायचे. तेही खालीच.

यंदा ग्रामपंचायतीने ठरवलं की बुरजाजवळ माहितीचा फलक लावायचा. सरपंचबाई उत्साही. त्या म्हणाल्या, त्या सोमवारी बाबांनी गाऱ्हाण्यातच सगळ्यांसमोर बुरजाचा इतिहास सांगायचा, त्या तो फोनवर टिपून घेणार, आणि तेच शब्द फलकावर चढणार. सोबत नकाशा मी काढून द्यायचा. बाबा त्र्याऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून त्यांना कशातच फारसं गोड लागत नव्हतं. या फलकाने मात्र ते एकदम तरतरीत झाले. पाठकोऱ्या कागदांवर भाषण लिहायला घेतलं. दाढी रोज करायला लागले. माझ्या माणसांचं नाव लोखंडावर चढणार, असं पोस्टमनला तीनदा सांगून झालं.

मी आठवडाभर आधी जाऊन राहिले. बुरजाच्या आत कुणी उतरत नाही, राखणदाराची जागा म्हणून. बाबांनी माझ्यासाठी खास परवानगी काढली. बुरजासमोर हात जोडून म्हणाले, “म्हाराजा, चेडू माप घेवक आत उतारता. तेचा डोक्या जरा फिरलेला आसा, सांभाळून घे.” मी चपला बाहेर काढल्या, कोयत्याने वेली तोडल्या आणि शिडी लावून आत उतरले.

उतरले आणि पाच मिनिटांत मला काहीतरी खटकलं. बुरूज आतून मडक्यासारखा होता, वर रुंद आणि खाली निमुळता. उभं राहायला जागाच नाही. वर चढायला आतून एकही पायरी नाही. पहारेकरी उभा कुठे राहायचा? मी पुन्हा वर येऊन काठावर उभी राहिले आणि पश्चिमेला पाहिलं. समोर टेकडी. समुद्र तर सोडाच, खाडीचं पुढचं वळणसुद्धा दिसेना. इथून गलबत दिसायचं तर ते आमच्या खळ्यात येऊन उभं राहायला हवं होतं. जन्मापासून ही टेकडी मी पाहत आले आणि एकदाही हा प्रश्न मला पडला नव्हता!

मग तोफेचं तोंड. आतून बसून पाहिलं तर ते अगदी तळाशी. तिथे तोफ ठेवली असती तर गोळा चार हातांवर मातीत रुतला असता. भोकातून खाडीवरचा वारा मात्र सूं सूं आत येत होता. भिंतीचे चिरे काळपट पडलेले आणि वर काचेसारखी चकाकी. तळाची माती उकरली तर खाली पांढरा कठीण थर. त्यात शिंपलेच शिंपले, काही आख्खे, बहुतेक फुटलेले, हातात धरले की पीठ होणारे. बाबा म्हणायचे, शिपायांनी खाल्लेल्या खुब्यांची टरफलं. इतके खुबे खाल्ले असतील तर शिपायांना पहाऱ्याला वेळ केव्हा मिळाला असेल?

सरबतासाठी आणलेलं लिंबू पिशवीत होतं. ते कापून त्या पांढऱ्या थरावर पिळलं. फसफसलं. शेजारच्या चिऱ्यावर पिळलं, तिथे काही नाही. पुन्हा पांढऱ्यावर पिळलं, पुन्हा फेस. मी तिथेच खाली बसले. खालून वारा घेणारं भोक, मडक्यासारखं पोट, भाजलेल्या भिंती आणि तळाला चुना. हा बुरूज नव्हताच. इथे शिंपले भाजून चुना काढत होते.

शोध लागल्याचा जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तो आनंद पाच-दहा मिनिटं टिकला. मग घराच्या दिशेने बाबांचा भाषण पाठ करण्याचा आवाज ऐकू आला.

खुब्यांचा धागा काही सुटेना, म्हणून दुपारी पुलावरून वळसा घालून पलीकडच्या काकांकडे गेले. ते खळ्यात भात वारवत होते. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला चहा दिला. मी विचारलं, “काकानू, तुमी दर वर्सा खुबे घेवन येतात, ते कित्याक?”

“भट्टीत खुबे नको, तर काय नारळ भाजतलंव?” ते सहज म्हणाले.

मी कपबशी खाली ठेवली. “भट्टी?”

“चुन्याची भट्टी गो. आमच्या घरात तेका भट्टीच म्हणतत. बुरूज तुमी म्हणतात.”

“मगे इतक्या वर्सांत कधी बोललास कशे नाय?”

“इचारलां कोणी?”

ते रागाने म्हणाले नाहीत. भात ओलं आहे की सुकं, हे सांगावं तसं म्हणाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिल्हाभर गुराख्यांना आणि गुरवांना प्रश्न विचारत हिंडणारी मी, माझ्या घरामागे वर्षानुवर्षं ओंजळ घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला कधी साधं ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं.

मग विचारत गेले आणि ते सांगत गेले. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. भरतीबरोबर होड्यांतून शिंपले वर यायचे. लाकूड आमच्या डोंगरातलं. भट्टी पेटली की विझू द्यायची नाही, म्हणून दोन्ही घरांची माणसं पाळीपाळीने राबायची. “भाजूक दोन्ही घरां. मगे तुमच्यांका जमीन गावली, तुमी वर गेलास. आमी होडी सांभाळीत रवलंव.” विड्याला चुना का लावत नाहीत, तेही त्यांच्याकडेच होतं. “चुन्याच्या घराक चुनो कोण देता?” म्हणाले आणि हसले.

मी निघाले तेव्हा ते पुलाच्या तोंडापर्यंत आले. “चेडवा, बापाशीक सांगू नको हां. वर्साचो एक दिवस. तेका बरां वाटता, आमचा काय जाता?”

सांगू नये, असं पुलावर ठरवलं. घरी येईपर्यंत ठरवलेलं मोडलं. माझा स्वभावच वाईट, पोटात काही राहत नाही. शिवाय आता खोटं लोखंडावर चढणार होतं आणि नकाशा माझ्या हातचा असणार होता. संध्याकाळचा चहा झाल्यावर मी बाबांसमोर वही ठेवली आणि भाजलेले शिंपले ठेवले.

“बाबानू, तो बुरूज न्हय. चुन्याची भट्टी आसा ती.”

ते आधी हसले. मग मी एकेक दाखवत गेले, तसं हसू मावळलं. “लिंबू पिळून इतिहास कळता तुका?” ते कडाडले. “माझ्या बापाशीन सांगला ता खोटा, आणि तुझा लिंबू खरा?” ते कागद हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमी पारेकरी न्हय. भट्टीवाले.”

मी घाईघाईने म्हटलं की आपला चुना मालवणच्या किल्ल्याच्या भिंतीत असेल, किल्ला आपल्यामुळे उभा असेल. त्यांनी मला तिथेच तोडलं. “माका पोरासारखी समजूत घालू नको. तुका ठावक आसा काय तसा?”

“नाय.”

“मगे बोलू नको.” मग त्यांनी विचारलं, “आणि कोणाक ठावक आसा ह्या?”

मी पलीकडच्या काकांचं नाव घेतलं. बाबांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. “तेका ठावक होता? म्हणजे इतकी वर्सां मी वर उभो रवान बडबडतंय, आणि तो खाली उभो रवान मनात हसता.”

“हसत नाय, बाबानू. माका म्हणालो, बापाशीक सांगू नको, तेका बरां वाटता.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भाषणाच्या कागदांची नीट घडी घातली आणि खिशात ठेवून ते बागेत निघून गेले.

पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. दाढी राहिली. मी नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “उकरायला सांगितलं होतं कुणी?” एका म्हाताऱ्या माणसाकडे उरलेली एकच मोठी गोष्ट मी अर्ध्या लिंबात पुसून टाकली, असं मला वाटत होतं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं. सरपंचबाई निरोपावर निरोप पाठवत होत्या. मी म्हटलं, काय लिहायचं ते बाबा सांगतील. ते काय सांगणार आहेत, हे मला खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी बाबांनी दाढी केली. कोरं धोतर नेसले, काठी घेतली आणि माझा हात न धरता चढ चढले. वाडी जमली होती. फलकासाठी खड्डा खणून ठेवलेला. सरपंचबाई फोन धरून पुढेच. काका नेहमीसारखे खाली, भोकाजवळ, धुतलेल्या सदऱ्यात, ओंजळीत खुबे. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, सांगितलं नाहीस ना, अशा अर्थाने. मी नजर चुकवली.

बाबा पायठणीवर उभे राहिले. “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज ही तुझी लेकरां सालाबादपरमाण तुझ्या पायाशी गोळा झाली, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आता ‘ह्या बुरजार आमच्या पूर्वजांनी राखण केली’ हे यायचं. मला ते तोंडपाठ होतं. बाबा थांबले. त्यांनी खिसा चाचपला, पण कागद काढला नाही.

“ह्या भट्टीत आमच्या पूर्वजांनी चुनो भाजलो, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सवयीने आवाज घुमला आणि मग कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारो चुकलो. सरपंचबाईंनी फोनकडे पाहिलं. खाली काकांनी मान वर केली.

“एकट्यांनी भाजूक नाय. खाडीपलीकडच्या घरान आमच्या वांगडा, आमच्या जोडीन भाजलो, म्हाराजा.”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे थोडेच होते. बाबांनी आवाज चढवला. “मान मात्र आमी एकट्यांनी घेतलो. हेच्यात काय चूकभूल झाली असात, तर ती पदरात घे, म्हाराजा!”

चूकभूल पदरात घे, हे प्रत्येक गाऱ्हाण्यात येतं. शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते खरं वाटलं आणि रडू आलं. “व्हय म्हाराजा!” मी सगळ्यात मोठ्याने ओरडले.

बाबांनी नारळ उचलला, पण फोडला नाही. मला खूण केली. मी पुढे झाले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही एकेक पाऊल टाकत उतरलो. काकांसमोर उभे राहून त्यांनी नारळ पुढे केला. “ह्यो तू फोड.”

काका मागे सरले. ओंजळीतले दोन-तीन खुबे खाली पडले. “नको. माका सवय नाय.”

“माका तरी खंय होती,” बाबा म्हणाले, “खाली येवची?”

काकांनी खुबे भोकात ठेवले, हात सदऱ्याला पुसले आणि नारळ घेतला. तो पहिल्या घावाला फुटला नाही, दुसऱ्यालाही नाही. बाबा काठी टेकून त्यांच्या शेजारी थांबून राहिले.